चेक वटला नाही, हे बँकेने कधी आणि कसं सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी १८ मार्च तारखेचा ४,८०,००० रुपयांचा चेक ११ जूनला दुपारी शाखेतल्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकला. पैसे जमा झाले नाहीत. बँकेकडून फोन नाही, पत्र नाही. २७ जुलैला ते स्वतः शाखेत गेले, तेव्हा कुठल्याशा खणातून रिटर्न मेमो (चेक का परत आला ते सांगणारी बँकेची चिठ्ठी) काढून त्यांच्या हातात दिला गेला. त्यावर तारीख १२ जून, कारण 'पुरेशी शिल्लक नाही'. मूळ चेकबद्दल उत्तर एवढंच, की 'सापडत नाही, शोधतोय'. बँक म्हणते, एसएमएस गेला होता. तो गेला होता बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. बँक असंही म्हणते, की १२ जूनलाच खात्यातून चेक रिटर्नचे चार्जेस कापले गेले, म्हणजे पासबुक पाहिलं असतं तर कळलं असतं. आता बँकेची जबाबदारी नेमकी कुठवर आणि ही रक्कम बँकेकडून वसूल होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

बँकेकडे येतोच, पण आधी तुमच्या तारखा पाहू. बँकेशी भांडायला दोन वर्षं आहेत. चेक देणाऱ्याला नोटीस द्यायला तेवढे दिवस नाहीत.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करायची तर चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस. ते संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातल्या शेवटच्या मुदतीला उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असलं, तर कोर्ट तो माफ करू शकतं. २००२ च्या दुरुस्तीने ती सोय दिली. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी कुठलीही सूट नाही. एकतिसाव्या दिवशी पाठवलेली नोटीस म्हणजे हातातला फौजदारी मार्ग गेला.

हे ३० दिवस मोजायचे कुठून? कलमातले शब्द 'बँकेकडून माहिती मिळाल्यापासून' असे आहेत, मेमोवरच्या तारखेपासून असे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मुनोत इन्व्हेस्टमेंट्स प्रकरणात २००१ मध्ये हाच अर्थ लावला. त्या वेळी मुदत १५ दिवसांची होती, एवढाच फरक. म्हणजे तुम्हाला खरोखर २७ जुलैला कळलं असेल, तर तो दिवस सोडून मोजायचं. २८ जुलै पहिला दिवस, २६ ऑगस्ट तिसावा. चेक देणाऱ्याचा वकील १२ जून धरेल. तसं धरलं तर मुदत १२ जुलैलाच संपली. तुमची सगळी केस या दोन तारखांच्या मधल्या फटीत अडकली आहे, आणि ती फट बँकेने पाडली आहे. बँकेच्या जबाबदारीचा विचार करताना हे डोक्यात ठेवा.

चेक परत येणं हा तुमच्या बँकेचा दोष नाही. समोरच्याच्या खात्यात पैसे नव्हते, त्याला ती काय करणार? पण तो चेक परत कसा येतो, किती वेळात येतो, कुठल्या कागदासह येतो आणि तुमच्या हातात पडेपर्यंत कुठे असतो, हे सगळं तिच्या अंगावर आहे. लोक शाखेत जाऊन भांडतात 'माझे पैसे कुठे' म्हणून. तिथे मॅनेजरकडे तयार उत्तर असतं. भांडायचं ते 'माझा कागद कुठे आणि तो ४५ दिवस कुठे होता' यावर. त्याला तयार उत्तर नसतं.

मी बावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीच्या टेबलावर. नंतर सनद घेतली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो. त्यामुळे आतून काय होतं ते सांगू शकतो.

तुम्ही चेक भरता तेव्हा तुमची बँक तुमची वसुली एजंट होते. ठेवीपुरती ती तुमची ऋणको, पण चेक वसूल करण्यापुरती एजंट. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एजंटाची कर्तव्यं भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये लिहिलेली आहेत. कलम २१२ म्हणतं, त्या धंद्यात साधारणपणे अपेक्षित असलेलं कौशल्य आणि वाजवी तत्परता एजंटाने वापरायची, आणि स्वतःच्या हलगर्जीपणाचा जो थेट परिणाम होईल त्याची भरपाई द्यायची. कलम २१४ म्हणतं, अडचण आली की मालकाशी संपर्क साधण्यासाठी वाजवी ते सगळं करायचं. इथे 'मालक' तुम्ही. बँकेच्या वकिलांना बँकिंगचे निवाडे तोंडपाठ असतात, पण करार कायद्यातली ही दोन साधी कलमं तक्रारीत टाकली की उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. न वटलेला चेक खातेदाराकडे विनाविलंब, काही झालं तरी २४ तासांत रवाना करायचा, ही सूचना बँकांच्या ग्राहकसेवेबद्दलच्या गोयपोरिया समितीच्या शिफारशीवरून फार पूर्वीच आली. परतीच्या मेमोवर निश्चित आणि वैध कारण हवं आणि अधिकाऱ्याची सही हवी, हेही जुनंच. प्रत्येक बँकेला स्वतःचं चेक वसुली धोरण ठरवून ते जाहीर करावं लागतं. ते तिच्या वेबसाइटवर असतं. ते उतरवून घ्या. उशीर झाला, चेक हरवला, तर काय भरपाई देणार, हे बँकेने त्यात स्वतःच लिहिलेलं असतं. खुद्द त्या शाखेतल्या लोकांनी ते वाचलेलं असेलच असं नाही.

पूर्वी कागदी चेक गाठोडी बांधून क्लिअरिंग हाउसला जायचे. परतीचे चेक संध्याकाळी यायचे. रबर बँड लावलेला गठ्ठा, प्रत्येकाला टाचणीने टोचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर छापील कारणांची यादी आणि त्यातल्या एकापुढे खूण. आमच्याकडे एक जाड रजिस्टर होतं, त्यात नोंद करायची, पाकिटात घालायचं, पोस्टात टाकायचं. कामाचा ताण असला की गठ्ठा उद्यावर जायचा. उद्याचा परवावर. एकदा मी एका ग्राहकाचं पाकीट हातात घेतलं होतं: मेमो ९ तारखेचा, पोस्टाचा शिक्का २१ चा. बारा दिवस तो चेक माझ्या शेजारच्या टेबलावर, चहाच्या ट्रेखाली पडून होता. ते पाकीट फेकून न देता जपून ठेवणारा तो एकच ग्राहक मला भेटला, आणि त्याचं काम झालं. तुमच्याकडे पाकीटच नाही, कारण पाठवलंच गेलं नाही. पण म्हणूनच तुम्हाला दुसरा कागद तयार करून घ्यावा लागेल. त्याकडे येतो.

आता चेक ट्रंकेशन सिस्टिम आहे. २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली, मग चेन्नई, २०१३ मध्ये मुंबई. तुमचा चेक आता तुमच्या बँकेतून पुढे जातच नाही. त्याची प्रतिमा जाते. समोरची बँक ती पाहून 'नाही' म्हणते आणि कारणाचा कोड परत पाठवते. पुरेशी शिल्लक नसली की कोड ०१. त्या कोडवरून मेमो छापते ती तुमची बँक. मेमोवर समोरच्या बँकेचं नाव दिसतं, त्यामुळे लोक तिथे हेलपाटे घालतात. व्यर्थ आहे ते. या पद्धतीत मूळ चेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याच बँकेच्या ताब्यात असतो. म्हणून तुमच्या प्रकरणात 'चेक समोरून आला नाही', 'पोस्टात गहाळ झाला' असली सबब शाखेला उपलब्धच नाही. तो चेक त्यांच्या इमारतीतून किंवा त्यांच्या स्कॅनिंग केंद्रातून हरवला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक दिवसभर सतत पुढे जातात आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगावं लागतं. न सांगितल्यास चेक मंजूर धरला जातो. देशभरातलं उत्तर काही तासांत येतं आणि ते शाखेच्या खणातून तुमच्यापर्यंत यायला दीड महिना लागतो, हे कुठल्याही ग्राहक आयोगापुढे मांडलं तर फार बोलावं लागणार नाही.

चेक बँकेच्या हातून हरवला तर काय, याबद्दल रिझर्व्ह बँकेचं म्हणणं खातेदाराच्या बाजूचं आहे. बँकेने ताबडतोब खातेदाराला कळवायचं, म्हणजे तो चेक देणाऱ्याला सांगून पेमेंट थांबवू शकेल. नवा चेक मिळवण्याचा खर्च आणि त्यात गेलेल्या वाजवी काळाचं व्याज बँकेने द्यायचं. जबाबदारी वसुली करणाऱ्या बँकेची, खातेदाराची नाही. 'तुम्हीच पार्टीकडून दुसरा चेक आणा' असं काउंटरवरून ऐकवतात, तेव्हा ही ओळ आठवावी. ज्याने एक न वटणारा चेक दिला तो दुसरा हसत हसत देईल, ही कल्पना मात्र मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

आता बँकेचे दोन बचाव.

पहिला, एसएमएस. नंबर बंद होता आणि तुम्ही तो बदलून दिला नव्हता, तर इथे तुमची बाजू लंगडी आहे, हे मान्य करूया. नवा नंबर लेखी दिला असेल आणि बँकेने नोंदवला नसेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. तो अर्ज आणि त्याची पोच शोधा. पण समजा तुमचीच चूक होती, तरी एसएमएस हा मेमो आणि चेक पाठवण्याला पर्याय नाही. 'चेक परत आला' एवढ्या तीन शब्दांत कारण नसतं, आणि त्या शब्दांवर कोर्टात उभं राहता येत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १४६ प्रमाणे बँकेचा शिक्का असलेला मेमो दाखवला की चेक न वटल्याचं कोर्ट गृहीत धरतं. एसएमएसला ते बळ नाही. थोडक्यात, बँकेने तुम्हाला खबर दिली असेलही, हत्यार दिलं नाही.

दुसरा, पासबुकातली चार्जेसची नोंद. इथे मला कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आठवतो. कंपनीच्याच माणसाने खोट्या सह्यांचे ४२ चेक काढून तीन लाखांहून अधिक रक्कम उचलली होती. बँक म्हणाली, पासबुक वेळेवर पाहिलं असतं तर कंपनीला कळलं असतं. न्यायालयाने ते ऐकलं नाही. पासबुक न तपासणं हा बँकेच्या चुकीवरचा उतारा होऊ शकत नाही, असा त्याचा रोख. प्रकरण खोट्या सह्यांचं होतं, न वटलेल्या चेकचं नाही. त्यामुळे तो जसाच्या तसा लागू पडतो असं मी म्हणणार नाही. पण 'ग्राहकाने पासबुक पाहिलं नाही' या युक्तिवादाची किंमत त्यावरून कळते. आणि चार्जेसबद्दल, रिझर्व्ह बँकेची सूचना अशी की चेक परतीचा आकार ग्राहकाची चूक असेल तेव्हाच घ्यायचा. समोरच्याच्या खात्यात पैसे नव्हते ही तुमची चूक कशी? हा प्रश्न लेखी विचारा. रक्कम किरकोळ असते, पण तो आकार परत जमा झाला की पासबुकातल्या नोंदीवर उभा असलेला बचावही थोडा वाकतो.

ड्रॉप बॉक्सचं मात्र तुम्ही चुकलात. पेटीत टाकलेल्या चेकला पोच नसते. काउंटरवर चेक दिला तर भरणा स्लिपवर शिक्का मारून द्यायला शाखा नाही म्हणू शकत नाही. पेटीकडे बोट दाखवून परत पाठवतात, पण तसा अधिकार त्यांना नाही. या वेळी तुम्ही वाचलात, कारण १२ जूनचा मेमो हाच चेक बँकेकडे पोहोचल्याचा पुरावा आहे. मेमोआधीच चेक हरवला असता, तर तुमच्याकडे दाखवायला काहीच उरलं नसतं.

आणखी एक तारीख आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. चेक १८ मार्चचा. १ एप्रिल २०१२ पासून चेकची वैधता सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. म्हणजे तुमचा चेक १७ जूनपर्यंतच जिवंत होता. १२ जूनला परत आलेला चेक बँकेने दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात ठेवला असता, तर तो पुन्हा भरायला तुमच्याकडे चार दिवस होते. एमएसआर लेदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं, की वैधता संपेपर्यंत चेक पुन्हा पुन्हा भरता येतो आणि नंतरच्या परतीवरही कलम १३८ ची तक्रार करता येते. ती संधी बँकेने घालवली. भरपाईच्या हिशोबात ही सर्वात ठोस बाब आहे, कारण तिला तारखा आहेत. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, तीन महिन्यांच्या आत चेक तुमच्या बँकेत टाकून चालत नाही, तो समोरच्याच्या बँकेपुढे मुदतीत पोहोचावा लागतो. ईशर अ‍ॅलॉय स्टील्स, २००१. शेवटच्या दिवशी पेटीत चेक टाकणारे याच दगडाला ठेचकाळतात.

मेमोवरच्या कारणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात मी स्वतः गुंतलेलो होतो.

साधारण २००४ ची गोष्ट. तेव्हा मी ज्या शाखेत होतो तिच्या एका वजनदार ग्राहकाने दिलेला चेक वसुलीसाठी आमच्याकडे आला. खात्यात पैसे नव्हते. सहीही थोडी वेगळी होती, म्हणजे 'र' ची शेपटी नमुन्यात खाली होती आणि चेकवर वर. वरिष्ठांनी चेक हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ''सही जुळत नाही, एवढंच लिहा. उगाच माणसाला कोर्टात कशाला खेचायचं?'' मी तेवढंच लिहिलं. दोन कारणं होती, मी एकावर खूण केली. त्या काळी कलम १३८ मधले शब्द म्हणजे अपुरी शिल्लक किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम, एवढेच धरून आरोपी सुटत. तो ग्राहकही सुटला. चेक ज्याला दिला होता तो माणूस नंतर एकदा शाखेत आला होता, कशासाठी तरी वेगळ्याच. मी त्याच्याशी बोललो नाही.

लक्ष्मी डायकेम प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेकही कलम १३८ मध्ये बसू शकतो. पेमेंट थांबवण्याबाबत मोदी सिमेंट्स, १९९८, आणि खातं बंद असण्याबाबत एनईपीसी मायकॉन, १९९९, हे आधीच होते. तरीही मेमोवरचं कारण खरं आणि पूर्ण असणं हे बँकेचं कर्तव्यच आहे, कारण कारण बदललं की समोरच्याला बचावाचं नवं दार मिळतं. तुमच्या मेमोवर स्वच्छ 'पुरेशी शिल्लक नाही' आहे. एवढ्या गोंधळात ही एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

या गोष्टीत एक कायदेशीर खाच आहे, ती लोकांना पटत नाही. चेक ज्याला दिला होता त्या माणसाचा आमच्या बँकेशी काही करार नव्हता. खातं आमच्याकडे चेक देणाऱ्याचं होतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ३१ प्रमाणे खात्यात पैसे असूनही बँकेने चेक परत केला, तर नुकसानभरपाई मागायचा हक्क चेक देणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नाही. म्हणून तुमचा दावा तुमच्या बँकेवर असतो, समोरच्या बँकेवर सहसा नाही. तुम्ही स्वतः चेक देणारे असाल तेव्हा मात्र चित्र उलटतं. मार्झेट्टी विरुद्ध विल्यम्स हा १८३० चा इंग्लंडमधला खटला अजून शिकवला जातो. एका व्यापाऱ्याने सकाळी पैसे भरले, दुपारी त्याचा चेक आला, वहीत नोंद व्हायची होती म्हणून कारकुनाने तो परत केला. दुसऱ्याच दिवशी चेक वटला, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालं नाही, तरी बँकेने करार मोडला असा निकाल लागला. पैसे भरल्यावर ते खात्यात दिसायला लागणारा वेळ ही बँकेची अडचण, ग्राहकाची नाही, हा विचार तेव्हापासूनचा आहे. भरपाई मात्र नाममात्र मिळाली. भरपाईच्या बाबतीत कायदा तेव्हाही हात आखडता घ्यायचा आणि आजही घेतो.

तर मग ४,८०,००० बँकेकडून मिळतील का? सरळ उत्तर: पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता मला कमी वाटते. कारण ते पैसे तुम्हाला देणं लागतो तो चेक देणारा, आणि त्याचं देणं अजून जिवंत आहे. चेक हरवला म्हणून कर्ज बुडत नाही. बँक हेच म्हणेल: त्याच्यावर दिवाणी दावा करा, तीन वर्षांची मुदत आहे, आमच्यामुळे तुमचं गेलं काय? हे उत्तर अर्धं खरं आहे. बँक हमीदार नव्हे. पण तुमचं काय काय गेलं, हे तुम्ही एकेक करून दाखवू शकलात, तर ग्राहक आयोग आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल भरपाई देतात. चेक पुन्हा भरायची संधी गेली. मूळ चेक नसल्याने फौजदारी तक्रार अवघड झाली. दरम्यान चेक देणाऱ्याने मालमत्ता विकली, दुकान गुंडाळलं, किंवा मूळ देणं याच काळात मुदतबाह्य झालं, असं काही झालं असेल तर तुमचं नुकसान मूळ रकमेच्या जवळ जातं आणि मग चित्र बदलतं. म्हणून तुमचा मूळ व्यवहार कोणत्या तारखेचा, हे आधी तपासा. प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही.

आता करायचं काय. सगळ्यात आधी २६ ऑगस्टच्या आत, शक्यतो याच आठवड्यात, चेक देणाऱ्याला नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने नोटीस. मूळ चेक नाही म्हणून थांबू नका. नोटिशीत चेकची रक्कम नेमकी तेवढीच मागा आणि व्याज, खर्च वेगळ्या ओळीत लिहा. सगळं एकत्र गोळा करून एकच आकडा टाकणाऱ्या नोटिशींवरून वाद होतात. मेमो २७ जुलैला मिळाला, हे नोटिशीत स्पष्ट लिहा.

त्याच दिवशी शाखेला पत्र. त्यात भांडण नको, मागण्या हव्यात. चेकच्या दोन्ही बाजूंची प्रमाणित प्रतिमा, परतीचा कोड आणि वेळ. मूळ चेक बँकेच्या ताब्यातून गहाळ झाल्याचं प्रमाणपत्र. मेमो आणि चेक खातेदाराकडे रवाना केल्याची नोंद, किंवा तशी नोंद नाही असं लेखी उत्तर. एसएमएस कोणत्या नंबरवर, कधी गेला याची माहिती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेमो तुम्हाला २७ जुलैला हातोहात दिला, असं लेखी. हे शेवटचं वाक्य बँक सहज देणार नाही, कारण त्यात तिची कबुली आहे. मग असं करा, पत्रात तुम्हीच लिहा: 'दिनांक २७ जुलै रोजी आपल्या शाखेत मला उपरोक्त मेमो देण्यात आला.' पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि तेच पत्र शाखेच्या ईमेलवरही पाठवा. बँकेने ते नाकारलं नाही, तर पुढे कोर्टात त्या मौनालाही अर्थ येतो. शाखेतले त्या दिवशीचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा अशी मागणीही त्याच पत्रात घाला. चित्रण फार दिवस ठेवलं जात नाही, मागणी मात्र कागदावर राहते.

मूळ चेक हरवल्यावर कोर्टात दुय्यम पुरावा देता येतो. मूळ कागद हरवला, आणि तो तुमच्या हातून नव्हे तर बँकेच्या हातून, हे सिद्ध झालं की भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ त्याला परवानगी देतो. म्हणून ते गहाळ प्रमाणपत्र आणि प्रतिमा या दोन कागदांवर तुमची फौजदारी केस उभी आहे. बँकेच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती पुराव्यात घेण्यासाठी १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट आहेच.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फी लागत नाही. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी १ लाखापर्यंत देण्याचा अधिकार ठेवला होता, तुमची रक्कम त्यात बसते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षं. एकाच कारणासाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका, लोकपाल तक्रार परत करेल. चेक देणाऱ्यावरची कलम १३८ ची केस मात्र वेगळी, ती चालू असताना बँकेविरुद्ध जायला अडचण नाही. तुमचं खातं बचत आहे की धंद्याचं चालू खातं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चालू खातं असेल तर ग्राहक आयोगात बँक पहिला मुद्दा काढेल की सेवा व्यापारी हेतूने घेतली, तुम्ही 'ग्राहक'च नाही. श्रीकांत मंत्री प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्टबाबत तसं म्हटलं आहे. अशा वेळी मी लोकपालाकडे आधी जाईन.

एक शेवटची शंका, कारण प्रश्नात 'बँक' एवढंच लिहिलं आहे. ती पतसंस्था असेल, तर हे बरंच बदलतं. पतसंस्था स्वतः क्लिअरिंगमध्ये नसते, तिचा चेक दुसऱ्या एखाद्या बँकेतल्या तिच्या खात्यातून जातो. म्हणजे चेक आणि मेमो आणखी एका टेबलावर थांबतो. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथे चालत नाही, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे आणि ग्राहक आयोगाकडे. एजंटाची करार कायद्यातली कर्तव्यं मात्र पतसंस्थेलाही तशीच लागू. छोट्या नागरी सहकारी बँकाही मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंगला जातात, तिथे मूळ चेक नेमका कुणाच्या इमारतीत राहिला हे पत्रातल्या पहिल्याच ओळीत विचारा. पत्र मात्र आजच टाका, आणि नोटीस त्याच्याही आधी.